मसल कार, मोकळा रस्ता आणि मागे लागलेले निळे-लाल दिवे

आठ_पिस्टन:

अमेरिकेत मराठी मंडळाच्या गणपतीला जा, पार्किंगमध्ये ओडिसी आणि कॅमरीसारख्या घरगुती गाड्यांच्या रांगेत मोठ्या इंजिनाची मसल कार, म्हणजे एखादी मस्टँग किंवा चॅलेंजर, हल्ली हमखास दिसते. कॅमरीवरून थेट साडेचारशे अश्वशक्तीवर उडी मारणाऱ्यांसाठी हा धागा. ‘एकदा काय झालं’ छाप किस्से दुसरीकडे टाका. इथे आकडे, कलमं आणि नट-बोल्ट.

सुरुवात गिअरपासून, कारण तिकिटाचं मूळ तिथेच आहे. २०१५ ते २०१७ ची मस्टँग जीटी घेऊ, मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकवाली. फायनल ड्राइव्ह (मागच्या ॲक्सलचं गिअर गुणोत्तर) ३.७३, मागचे टायर २७५/४० आर १९. हे चाक एका मैलात साधारण ७२९ वेळा फिरतं. आता गणित करा. दुसरा गिअर २.४३ चा आहे; ६,५०० आरपीएमला ताशी ५९ मैल. तिसरा १.६९ चा, ६,५०० ला ताशी ८५ मैल. वर अजून तीन गिअर शिल्लक. सहाव्यात ८० मैलांना इंजिन जेमतेम २,३५० वर गुणगुणत असतं, कानाला काही जाणवत नाही, स्टिअरिंग हलत नाही. जुन्या कोरोलात ८० ला दारं वाजायची, ती फुकटची सूचना होती. इथे ती नाही.

म्हणून नियम साधा: मजा पहिल्या दोन गिअरमध्ये संपवायची. रॅम्पवर चाकं सरळ झाल्यावर दुसरा गिअर वरपर्यंत ओढा, ६० आलं की सरळ सहावा आणि क्रूझ कंट्रोल. आवाज मिळाला, पाठ सीटला चिकटली, आणि ६५ च्या हायवेवर कायद्याच्या आत आहात. तिसऱ्या गिअरची ओढ लागली की समजा वकिलाची फी सुरू झाली.


एडिसनकर:

उत्तम धागा. वकिलाची फी विनोद नाही, न्यू जर्सीचे आकडे देतो.

मर्यादेच्या वर १ ते १४ मैल: लायसन्सवर २ पॉइंट. १५ ते २९: ४ पॉइंट. ३० किंवा जास्त: ५ पॉइंट. हायवेवर शर्यत लावली तर ५. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की दंडापलीकडे सरचार्ज लागतो, १५० डॉलर आणि सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला २५. म्हणजे ६५ वर ८५ ची दोन तिकिटं झाली की तुम्ही त्या यादीत.

बहुतेक लोक म्युनिसिपल कोर्टात प्रॉसिक्युटरशी (सरकारी वकिलाशी) बोलून ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ वर तडजोड करतात, कलम ३९:४-९७.२. पॉइंट शून्य, पण दंडाच्या वर २५० डॉलरचा सरचार्ज. ही सवलत दोनदाच. पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा केलंत तर ४ पॉइंट बसतात. त्यामुळे ६५ वर ७४ च्या किरकोळ तिकिटासाठी हे कार्ड वापरू नका. २ पॉइंट गिळा, कार्ड मोठ्यासाठी ठेवा. पहिल्याच तिकिटाला कार्ड उडवणारे खूप आहेत.


पाटलीणबाई_रिचमंड:

आठ_पिस्टन, तुमचा तिसरा गिअर आमच्या व्हर्जिनियात बरोब्बर तुरुंगाच्या दारात आणून सोडतो. मर्यादेच्या वर २० मैल, किंवा मर्यादा काहीही असो ८५ च्या वर, म्हणजे ‘रेकलेस ड्रायव्हिंग’. हा वाहतुकीचा किरकोळ गुन्हा नाही, क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे: १२ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड, डीएमव्हीच्या (वाहन विभागाच्या) नोंदीत ११ वर्षं. २०२० च्या जुलैपर्यंत हा आकडा ८० होता. ७० च्या इंटरस्टेटवर ८६ म्हणजे फक्त १६ मैल वर, आणि तरी फौजदारी. न्यू जर्सी किंवा मेरिलँडहून येणाऱ्यांना हे माहीत नसतं आणि आय-९५ वर ते नेमकं घडतं.

एच-१बी वाल्यांनी हे दोनदा वाचा. व्हिसा स्टँपिंगच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का असा थेट प्रश्न असतो. साधं स्पीडिंग आणि मिसडिमिनर यांतला फरक तिथे कळतो. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० ला वाहतुकीच्या प्रकरणात अटक झाली नसेल, दारू-ड्रग्जचा संबंध नसेल आणि शिक्षा फक्त ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा पॉइंट इतकीच असेल तर कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. पण कागद न जोडणं वेगळं आणि प्रश्नाला ‘नाही’ लिहिणं वेगळं. लपवाछपवी दंडापेक्षा महागात जाते. रेकलेसचं समन्स हातात आलं तर ऑनलाइन दंड भरून मोकळं होण्याचा विचारही करू नका. आधी ट्रॅफिक वकील, आणि व्हिसावर असाल तर सोबत इमिग्रेशनवाला. स्पीडोमीटर कॅलिब्रेशनचा दाखला आणि ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा कोर्स कोर्टाच्या तारखेआधीच हाताशी ठेवला तर वकिलाला बोलायला काहीतरी मिळतं.


बे_एरियातला_बाळू:

कॅलिफोर्नियाची भर: १०० च्या वर गेलात तर व्हेइकल कोडचं २२३४८(बी). पहिल्या वेळी ५०० डॉलरपर्यंत मूळ दंड, त्यावर अधिभार चढून बिल कितीतरी मोठं होतं, २ पॉइंट आणि ३० दिवसांपर्यंत लायसन्स स्थगित होऊ शकतं. मर्यादेच्या २५ हून जास्त वर असाल तर ट्रॅफिक स्कूलचा कोर्स करून पॉइंट टाळायची पळवाटही सहसा बंद.

शर्यतीसाठी २३१०९. यात दोन भाग आहेत आणि दुसरा लोकांना माहीत नसतो. ‘स्पीड कॉन्टेस्ट’ म्हणजे शर्यत: २४ तास ते ९० दिवस कैद, गाडी ३० दिवस जप्त होऊ शकते, टो आणि स्टोरेजचं भाडं तुमच्याच खिशातून. आणि ‘एक्झिबिशन ऑफ स्पीड’: सिग्नल सुटल्यावर मुद्दाम टायर किंचाळवले, शेजारी कोणी नसलं तरी. वेग मर्यादेच्या आत असला तरी हे कलम लागतं. दुसऱ्या गिअरची मजा म्हणताय खरी, पण चाकं फिरली की ती मजा याच कलमात जाते.


आठ_पिस्टन:

बाळू, मान्य. म्हणूनच ‘चाकं सरळ झाल्यावर’ लिहिलं. गाडी रॅम्पवर चालती असताना हळूहळू पूर्ण थ्रॉटल, सिग्नलवरून थांबल्या जागेवरून नाही.


रडारराव:

पोलीस वेग कसा मोजतात यावर गैरसमज फार.

रडार: हल्ली बहुतेक केए बँड, ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ. काही ठिकाणी के बँड, २४.१५ च्या आसपास. के बँडमध्ये शेजारच्या एसयूव्हीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर आणि दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेही असतात, त्यामुळे स्वस्त रडार डिटेक्टर (रडारचा झोत ओळखून वाजणारी डबी) दिवसभर कोकलतो आणि आठवड्यात तुम्ही त्याकडे दुर्लक्ष करायला शिकता. तेव्हाच नेमका खरा येतो.

थांबलेल्या गाडीतून तिरक्या कोनात रडार मारलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो, हा कोसाइन परिणाम. ‘कोन चुकला म्हणून जास्त दाखवला’ हा बचाव त्यामुळे उभ्या गाडीच्या बाबतीत उलटा पडतो. चालत्या गस्ती गाडीचं प्रकरण वेगळं: तिथे यंत्र स्वतःचा वेगही रडारनेच मोजतं, तो कमी वाचला तर समोरच्याचा वेग जास्त निघू शकतो. प्रश्न विचारायचाच तर हा विचारा.

लिडार: ९०४ नॅनोमीटरचा अवरक्त झोत, सुमारे ३ मिलिरेडियन रुंद. १,००० फुटांवर त्याचा ठिपका ३ फुटांचा. म्हणजे घोळक्यातली नेमकी तुमचीच नंबर प्लेट किंवा हेडलाइट पकडता येतो, अर्ध्या सेकंदात. डिटेक्टर वाजला याचा अर्थ मोजून झालंय.

पेसिंग: यंत्र नाहीच. गस्ती गाडी तुमच्या मागे सारखं अंतर राखून चालते आणि तिचा प्रमाणित स्पीडोमीटर वाचला जातो. रात्री मागे ठराविक अंतरावर दोन दिवे बराच वेळ टिकून असतील तर विचार करा. याविरुद्ध कुठलंही यंत्र नाही.


नवखा_जीटी:

मग डिटेक्टर घ्यायचा की नाही? ६०० डॉलरचा एक बघून ठेवला आहे.


रडारराव:

व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत प्रवासी गाडीतही बेकायदा. १०,००० पौंडांवरच्या व्यावसायिक वाहनात देशभर बंदी. लेझर जॅमर कॅलिफोर्निया, टेक्सास, व्हर्जिनिया अशा राज्यांत बेकायदा, आणि रडार जॅमर तर केंद्रीय कायद्याने सगळीकडे. जिथे डिटेक्टर कायदेशीर आहे तिथेही काचेवर चिकटलेली डबी बघून एरवी ताकीद देऊन सोडणारा ट्रूपर (राज्य पोलीस) तिकीट लिहितो. ते ६०० टायरमध्ये घाला.


टायरचा_दास:

धन्यवाद रडारराव, वाक्य माझं चोरलंत. टायरबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिकिटापेक्षा कुंपणं जास्त महाग असतात. गाड्यांच्या मेळाव्यातून निघताना मस्टँग फुटपाथवर चढल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. लोक हसतात, कारण सांगत नाहीत.

आठ_पिस्टन यांचीच गाडी. इंजिनचा टॉर्क ४०० पौंड-फूट. पहिला गिअर ३.६६, फायनल ३.७३, चाकाची त्रिज्या १.१५ फूट. वाटेतली घट १५ टक्के धरली तरी जमिनीवर सुमारे ४,००० पौंडांचा रेटा. गाडीचं वजन ३,७०० पौंड, त्यातलं मागच्या चाकांवर साधारण १,७५०. वेग घेताना वजन मागे सरकून आणखी ४०० आलं म्हणा. उत्तम कोरड्या रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाइतकाच रेटा सोसतो. म्हणजे टायरची कुवत २,१५० आणि मागणी ४,०००. दुसऱ्या गिअरमध्येही मागणी २,७०० च्या आसपास. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू न देणारी यंत्रणा, हीच तफावत पोटात घालत असतो.

आता मेळाव्याचा शेवट. टायर दोन तास उभे राहून थंड. उन्हाळी टायर असतील आणि तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली, तर रबर जवळपास प्लास्टिक. गर्दी मोबाइल काढून उभी. ट्रॅक्शन कंट्रोल बंद. रस्त्यावर वळताना, स्टिअरिंग अजून तिरकं असताना, पूर्ण थ्रॉटल. मागची चाकं घसरतात, शेपूट बाहेर येतं. इथपर्यंत सावरता येतं. घाबरून पाय झटकन उचलला की इंजिन ब्रेकिंगने वजन पुढे जातं, मागे पकड अचानक परत येते, आणि उलटं फिरवलेलं स्टिअरिंग गाडीला दुसऱ्या बाजूला, म्हणजे गर्दीकडे, फेकतं. सुरुवात टॉर्कने होते, पण गाडी जाते ती पाय एकदम उचलल्याने.

काय करायचं: ट्रॅक्शनचं बटण बोटाला माहीतच नको. शेपूट सुटलंच तर नजर जिथे जायचं तिथे, थ्रॉटल अर्ध्यावर आणा पण सोडू नका, स्टिअरिंग परत सरळ करायला उशीर नको. टायरच्या कडेवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुनी गाडी विकत घेताना नक्षी भरपूर पण टायर सात वर्षांचे असतील तर किमतीतून चार टायर वजा करा. हिवाळ्यात न्यू जर्सी, मिशिगनवाल्यांनी उन्हाळी टायर काढूनच ठेवायचे, आणि खूप गार गॅरेजमध्ये ते लावून गाडी हलवायचीही नाही. रबराला तडे जातात.


कोकणी_क्लच:

यात भर, मॅन्युअलवाल्यांसाठी. शेजारी कोणी इंजिन गुरगुरवलं की हात घाईत येतो आणि तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडतो. ८० ला तिसऱ्यात असताना दुसऱ्यात पडून क्लच सोडला तर इंजिन ८,८०० वर खेचलं जातं. इंजिनचा लिमिटर इथे निरुपयोगी, कारण चाकं इंजिनला फिरवतात. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. याला ‘मनी शिफ्ट’ म्हणतात ते उगाच नाही. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मूठ आवळू नका, तळव्याने सरळ मागे ओढा, स्प्रिंग कांडीला आपोआप मधल्या रांगेत ठेवतं.


नवखा_जीटी:

सिग्नलवर शेजारी येऊन उभे राहतात त्यांचं काय करायचं? खिडकी खाली करून हसतात वगैरे.


आठ_पिस्टन:

काहीच नाही. हिरवा झाल्यावर एक पूर्ण सेकंद थांबा आणि पहिल्यात २,५०० च्या आत निघा. त्यालाही एव्हाना कळलेलं असतं. हायवेवर शेजारी समांतर येऊन हॉर्न तीनदा वाजवला तर ते चालत्या शर्यतीचं आमंत्रण, तिसऱ्या हॉर्नला सुटायचं असतं. अशा वेळी वेग वाढवून पुढे निघून जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्याला ते ‘हो’ वाटतं आणि मागून बघणाऱ्या पोलिसालाही. पाच मैलांनी वेग कमी करा, उजव्या लेनमध्ये जा.

आणि हे जुनं आहे. १९६४ मध्ये पाँटिॲकने मधल्या आकाराच्या टेंपेस्ट-लमाँला ३८९ घनइंचाचं मोठं इंजिन पर्याय म्हणून दिलं. जनरल मोटर्सने या आकाराला ३३० ची मर्यादा घातली होती, ती चुकवायला ते ‘ऑप्शन पॅकेज’ झालं. तीच जीटीओ. ती डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल पळायची, आणि कंपन्यांचे इंजिनिअरही तिथे गाड्या घेऊन यायचे. पुढे विम्याचे दर चढले, शिसंविरहित पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरलं, १९७३ ची तेलटंचाई आली आणि १९७४ मध्ये देशभर ५५ ची मर्यादा. सिग्नलवरच्या हसण्याने मसल कार आधी एकदा मारलीय, असं आमचं मत.


पाटलीणबाई_रिचमंड:

शेवटच्या वाक्याबद्दल: हसण्यापेक्षा तेलाने जास्त मारली. पण विम्याचा मुद्दा पटला.


बे_एरियातला_बाळू:

शिवाय हल्ली हरायचीच शक्यता जास्त. टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स ० ते ६० तीन सेकंदांच्या आसपास. गिअर नाही, व्हीलस्पिन नाही, मागच्या सीटवर दोन पोरं आणि किराणा. आणि म्हाताऱ्या दिसणाऱ्या गाडीचे मागचे टायर बघायला शिका: पुढे अरुंद चाकं, मागे लहान रिमवर फुगीर ड्रॅग रेडियल (ड्रॅग शर्यतीचे चिकट टायर), तर तो माणूस पगार त्यावरच खर्च करतो. त्याला नमस्कार करा.

शर्यतीत अपघात समोरच्याचा झाला तरी अनेक राज्यांत तुमच्यावरही गुन्हा दाखल होतो. ‘मी तर धडकलोच नाही’ चालत नाही.


एडिसनकर:

पोलिसांनी थांबवल्यावर काय, ते लिहितो. चॅलेंजर-चार्जरवाल्यांना वेग नसतानाही थांबवतात, कारण या गाड्या चोरीला फार जातात. डॉजने २०२१ मध्ये त्यासाठी सिक्युरिटी मोड आणला: कोड टाकला नाही तर इंजिन ६७५ आरपीएमवर, तीन अश्वशक्तीहूनही कमी. डीलरकडून तो अपडेट घातलाय का तपासा, आणि ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) कुलूप लावा, कारण नवी किल्ली तिथूनच प्रोग्रॅम होते.

दिवे दिसले की लगेच उजवा इंडिकेटर, वेग हळूहळू कमी, उजव्या कडेला शक्य तितकं आत. इंजिन बंद. व्ही८ चालू ठेवून बोलायला लावलं की समोरच्याचा मूड गेलाच. रात्री आतला दिवा लावा, खिडक्या खाली, हात स्टिअरिंगवर. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये असतील तर आधी सांगा, मग हात न्या. ऑफिसर गाडीजवळ येत असताना वाकून शोधाशोध नको. लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा, तीनच गोष्टी. विम्याचं कार्ड फोनवर दाखवत असाल तरी फोन तपासायला वॉरंट लागतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल, रायली विरुद्ध कॅलिफोर्निया, २०१४.

गाडीतून उतरायला सांगितलं तर उतरा. १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स निकालाने त्यांना तो अधिकार आहे. ‘किती वेगात होता माहीत आहे का?’ याला आकडा देऊ नका, वाद घालू नका, खोटंही बोलू नका. ‘ऑफिसर, त्यावर मला काही बोलायचं नाही’ पुरेसं. आपल्याकडे ‘साहेब, सोडा ना’ ची सवय असते. इथे त्या वाक्यातच कबुली होऊन बसते. आणि पैशांचा विषय चुकूनही नको, विनोदानेही. तिकिटावर सही करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे.

पळून जाणं हा पर्याय नाहीच. स्पीडिंगचं तिकीट अनेक राज्यांत त्याच क्षणी फेलनी (गंभीर फौजदारी गुन्हा) होतं. इंजिन जिंकेल, पण रेडिओ आणि हेलिकॉप्टरला ते हरवू शकत नाही.


रडारराव:

इंजिन जिंकेलच असं नाही. कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलने १९८२ मध्ये ५.० लिटरच्या मस्टँगच घेतल्या, कारण तेव्हाच्या मोठ्या सेडान गस्ती गाड्या संथ झाल्या होत्या. फोर्डचा तो पोलीस प्रकार १९९३ पर्यंत चालला. आजची फोर्ड एक्सप्लोरर इंटरसेप्टर ३.० टर्बोसह ४०० अश्वशक्तीची, चारही चाकांना ओढ. पावसात ती जीटीपेक्षा लवकर निघते.


कोकणी_क्लच:

अपघात झालाच तर गाडी स्वतःच साक्ष देते हे कुणी लिहिलं नाही. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये इव्हेंट डेटा रेकॉर्डर असतो: धडकेआधीच्या ५ सेकंदांचा वेग, थ्रॉटल किती दाबला होता, ब्रेक लावला की नाही. २०१५ च्या कायद्याने तो डेटा गाडीमालकाचा, पण कोर्टाच्या आदेशाने निघतो. ‘४५ नेच चाललो होतो’ म्हणणाऱ्याला ५ सेकंदांचा तक्ता दाखवतात.

विमा: नेहमीच्या पॉलिसीत रेसिंगच्या जागेत शर्यत किंवा तिचा सराव चालू असताना झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ट्रॅकला जाण्याआधी ते पान वाचा. काहींत टायमिंग नसलेला सराव चालतो, काहींत तोही नाही. त्या दिवसापुरता वेगळा ट्रॅक विमा मिळतो.


नवखा_जीटी:

सगळं पटलं, पण मग ४६० अश्वशक्ती घेतलीच कशाला?


आठ_पिस्टन:

यासाठी: ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीची धावपट्टी. एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना १९५१ मध्ये याच कारणासाठी निघाली, पोरांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर न्यायला.

आपल्या भागाचं दुर्दैव असं की एडिसनजवळचं इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क २०१८ च्या जानेवारीत ड्रॅगसाठी बंद झालं, ॲटकोची धावपट्टी २०२३ मध्ये. राहिलं ग्रेट मेडोजचं आयलंड ड्रॅगवे, आणि पेनसिल्व्हेनियात रीडिंगजवळ मेपल ग्रोव्ह. बाळूसाठी बे एरियाजवळच्या सोनोमा ट्रॅकवरच्या बुधवारच्या रात्री. ‘टेस्ट अँड ट्यून’ (सरावाचा दिवस) लिहिलेली तारीख बघा.

नेण्याआधी: डिकी आणि सीटखालचं सगळं बाहेर. चाकांचे नट टॉर्क रेंचने, एस५५० (२०१५ ते २०२३ च्या) मस्टँगला १५० पौंड-फूट. बॅटरी घट्ट, खाली कुठेही गळती नको. पूर्ण पँट, बंद बूट. १३.९९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्याला स्नेल मानांकनाचं हेल्मेट लागतं, आणि जीटी त्यात सहज बसते. कन्व्हर्टिबलचे नियम आणखी कडक, आधी फोन करा.

तिथे: मागच्या टायरची हवा ३२ वरून २८ वर. ड्रॅग रेडियल असतील तर १८ ते २०. रस्त्याच्या टायरवर पाण्याच्या डबक्यातून जाऊ नका, वळसा घाला. नक्षीत अडकलेलं पाणी थेट सुरुवातीच्या रेषेवर सांडतं आणि मागचे शिव्या घालतात. दोन सेकंद चाकं फिरवून खडे झाडा. लाइन लॉक (फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारी सोय) असेल तर तो इथेच वापरायचा. एसी आधीच बंद, नाहीतर पाणी ठिबकतं.

पहिला दिवा प्री-स्टेज, साधारण सात इंच पुढे दुसरा स्टेज. तिथे थांबा. तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पेटतात. हिरवा बघून निघाल तर उशीर झाला, शेवटच्या पिवळ्यावर सुटायचं. मॅन्युअलला २,००० ते २,५०० वर क्लच घसरवत, मग थ्रॉटल. शेजारच्याकडे बघू नका. तो कोणत्या सेकंदात जातोय याच्याशी तुमच्या वेळेच्या चिठ्ठीचा संबंध नाही.

चिठ्ठीत आधी ६० फुटांचा आकडा वाचा, म्हणजे पहिल्या ६० फुटांना लागलेले सेकंद. रस्त्याच्या टायरवर २.० ठीक. तिथे ०.१ वाचवला तर पाव मैलाला ०.१५ ते ०.२ वाचतात. शेवटचा वेग इंजिनची ताकद सांगतो, ६० फूट तुमचा पाय. बहुतेक जण इंटेकवर (इंजिनला हवा देणाऱ्या भागावर) हजार डॉलर घालतात आणि ६० फूट २.३ चा तसाच राहतो.


टायरचा_दास:

ब्रेक विसरलात. १०० ला गतिज ऊर्जा ६० च्या २.८ पट. ६० वरून ११० फुटांत थांबणारी गाडी १०० वरून ३०० च्या वर घेते, त्याआधी दीड सेकंद विचारात २२० फूट गेलेले. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला. डीओटी ३ प्रकारच्या फ्लुइडने ओल धरली की उकळबिंदू २०५ वरून १४० सेल्सिअसवर येऊ शकतो, डीओटी ४ चा २३० वरून १५५. उकळलं की पेडल जमिनीला.


वाचकमात्र_पुणे:

इकडून विचारतोय. पुण्यात व्ही८ मस्टँग दिसतात, त्यांचं काय?


एडिसनकर:

फोर्डने २०१६ मध्ये उजव्या स्टिअरिंगची ५.० जीटी भारतात आणली होती, ६५ लाखांना. इथल्यापेक्षा ताकद कमी केलेली, सुमारे ४०० अश्वशक्ती, फक्त ऑटोमॅटिक. बाकी आठ_पिस्टन यांचं गणित तिथेही लागू: मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची १०० किलोमीटरची मर्यादा म्हणजे ताशी ६२ मैल. शर्यतीला मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कॅमेऱ्याशी बोलता येत नाही.


नवखा_जीटी:

शेवटची शंका. मुलगा १७ चा होतोय, त्याला किल्ली द्यायची वेळ येणार.


कोकणी_क्लच:

फोर्डमध्ये मायकी आहे. दुसरी किल्ली घाला, सेटिंगमध्ये ‘क्रिएट मायकी’, कमाल वेग ६५ ते ८० यांतला निवडा आणि ट्रॅक्शन-स्टॅबिलिटी बंद करता येणार नाही असं लावा. आवाजाची मर्यादाही त्यातच. पुसायला मूळ किल्ली लागते, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकवू नका. ॲक्टिव्ह एक्झॉस्ट (आवाज कमी-जास्त करता येणारा) असेल तर सकाळी शेजाऱ्यांसाठी शांत वेळही ठरवून टाका, रात्री १० ते सकाळी ८.


नवखा_जीटी:

आयलंड ड्रॅगवेचं कॅलेंडर उघडलंय. टॉर्क रेंच अर्ध्या इंचाचा घेऊ ना?


आठ_पिस्टन:

अर्ध्या इंचाचाच, २५० पौंड-फुटांपर्यंतचा. पान्याचं डोकं २१ मिमी. काम झाल्यावर रेंच सर्वात खालच्या आकड्यावर सैल करून ठेवा, नाहीतर स्प्रिंग बसते. आणि घरी परतल्यावर ५० मैलांनी नट पुन्हा तपासा.